शातो लातूर, आपलं लातूर आणि विकता न येणारं नाव

गेल्या आठवड्यात पुतण्यानं व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. दारूची बाटली. लेबलवर एक बुरूज, बुरुजावर उभा सिंह, आणि खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘लातूर’. सोबत मेसेज : "काका, आपल्या लातूरचा माल फ्रान्समध्ये कधीपासून बनायला लागला?"

नीट बघितलं तर स्पेलिंगमध्ये एक ‘ओ’ जास्तीचा होता. पण उच्चार मात्र तोच. शातो लातूर. फ्रान्समधली जगप्रसिद्ध वाईन, एक बाटली पन्नास हजारांच्या पुढे.

आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली कमेंटमध्ये सुरू होतील. मी माळकरी घरातला माणूस. आयुष्यात वाईनचा थेंब घेतला नाही, घ्यायचाही नाही. ही पोस्ट दारूची नाही. ही पोस्ट मालकी बदलण्याची आहे, आणि मालक बदलला की मागं काय उरतं, याची आहे. नोकरीमुळं पंधरा वर्षं झाली नांदेडला राहतो, गाव निलंगा तालुक्यात. दोन्हीकडं जे बघितलं ते या फोटोमुळं एकत्र आलं, म्हणून लिहितोय. जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

तर हे शातो लातूर म्हणजे काय? ‘शातो’ म्हणजे आपल्याकडं जिला गढी म्हणतात ती. ‘ला तूर’ म्हणजे बुरूज. बुरुजाची गढी. बोर्दो शहराच्या उत्तरेला, जिरोंद नावाच्या खाडीच्या काठावर पोयाक नावाचं गाव आहे, तिथं हा द्राक्षमळा. चौदाव्या शतकात, फ्रान्स आणि इंग्लंडच्या शंभर वर्षांच्या युद्धात तिथं खरोखरचा लष्करी बुरूज होता. तो कधीच पडला. आज तिथं जो बुरूज उभा दिसतो तो सतराव्या शतकातला, तोही कबुतरं पाळायला बांधलेला! औशाचा किल्ला बघितलेल्या माणसाला तो बघून हसूच येईल. पण त्यांनी त्या कबुतरखान्याचं नाव जगभर नेलं.

आता या मळ्याची मालकी बघा. अठराव्या शतकात तो सेग्यूर नावाच्या सरदार घराण्याकडं. मग फ्रेंच राज्यक्रांती झाली. त्यानंतर १८०४ चा नेपोलियनचा कायदा आला, त्यात वारसांना वाटा देणं भाग झालं. म्हणजे आपल्याकडं जे होतं तेच. भाऊ वाढले, वाटण्या आल्या, बांध आले. पण या घराण्यानं १८४२ मध्ये एक काम केलं. जमिनीचे तुकडे पाडण्याऐवजी त्यांनी एक कंपनी काढली आणि जमीन कंपनीच्या नावावर केली. पुढं वाटण्या झाल्या त्या शेअरच्या. जमीन अखंड राहिली.

आमच्या घरचा सातबारा काढला तर त्यावर चौदा नावं निघतात. त्यातली तिघं वारलेली, दोघं पुण्यात, एक जण कुठं असतो कुणालाच माहीत नाही. आणि जमीन? अकरा एकराचे सहा तुकडे. दोन तुकड्यांत औत वळत नाही. १८४२ साली फ्रान्समधल्या त्या घरात बसून ज्यानं कुणी ही अक्कल चालवली, त्याला माझा दंडवत.

पुढं १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाईनची प्रतवारी झाली. पहिल्या वर्गात फक्त चार नावं आली, त्यात लातूर. मग १९६३ साली घराण्यानं मोठा हिस्सा विकला. घेतला कुणी? इंग्रजांनी. पिअर्सन या ब्रिटिश उद्योगसमूहाकडं बहुतांश हिस्सा आणि ब्रिस्टलच्या हार्वीज या दारू-व्यापारी पेढीकडं उरलेल्यातला बराचसा. ज्या इंग्रजांशी शंभर वर्षं लढले त्यांच्याच हातात बुरूज गेला, म्हणून फ्रान्समध्ये खळखळ झाली. १९८९ मध्ये तो अलाइड-लायन्स या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीकडं गेला. आणि १९९३ मध्ये फ्रान्समधले मोठे उद्योगपती फ्रांस्वा पिनो यांनी तो विकत घेऊन परत फ्रेंच मालकीत आणला. गुच्ची ही फॅशन कंपनी ज्या उद्योगसमूहाकडं आहे, ते हेच पिनो.

१९९३. हे साल वाचलं आणि थांबलो. त्या साली एक लातूर विकत घेतलं गेलं आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे आपलं लातूर हादरलं. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली. जी गावं पुन्हा बसवली ती दुसऱ्या जागी बसवली. घरं नवी, रस्ते नवे, आळ्या बदलल्या, शेजारी बदलले. पण गावाचं नाव? ते लोकांनी सोबत नेलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुठला जीआर नव्हता. माणसाला कळतं की सगळं गेलं तरी नाव सोडायचं नसतं. हा मुद्दा ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर साठ वर्षांत शातो लातूरचे इतके मालक झाले. मळ्याला काय झालं? काही नाही. तीच जमीन, तोच बुरूज, तेच नाव. किंमत उलट वाढत गेली. असं का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे.

फ्रान्सनं १९३५ मध्ये कायदा करून वाईनचं नाव मुलखाला बांधून टाकलं. ‘पोयाक’ हे नाव बाटलीवर लावायचं तर द्राक्ष त्या ठरलेल्या हद्दीतलंच पाहिजे, ठरलेल्या जातींचंच पाहिजे, हेक्टरी उतारा ठरलेल्या मर्यादेच्या वर जाता कामा नये. मालक कुणीही असो, नियम तोच. पिनो यांनी मळा घेतला, पण ‘पोयाक’ हे नाव त्यांना विकत घेता आलं नाही, कारण ते विकायला नव्हतंच. ते नाव त्यांच्या शेजारच्या लहान द्राक्षवाल्याचंही तेवढंच आहे.

याची एक गंमत सांगतो. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत चिनी धनिकांनी बोर्दोत शंभरावर शातो विकत घेतले. २०१७ च्या सुमारास एकानं आपल्या शातोंची जुनी नावं काढून ‘शाही ससा’, ‘तिबेटी काळवीट’ अशी नावं ठेवली. गावकरी चिडले, लेखकांनी पत्रं लिहिली. पण कायद्यानं ते थांबवता आलं नाही, कारण शातोचं नाव मालकाचं असतं. मात्र बाटलीवरचं ‘बोर्दो’ हे नाव त्या सशालाही पुसता आलं नाही. मालकाचं नाव वेगळं, मुलखाचं नाव वेगळं. मालकाचं नाव विकलं जातं, मुलखाचं जात नाही.

म्हणून तिथं सगळं गोड आहे असं कुणी समजू नये. खप घटला म्हणून २०२३ मध्ये बोर्दोत सरकारी मदत देऊन हजारो हेक्टर द्राक्षवेली उपटायची योजना आली. लहान बागायतदार तिथंही रडतोय. नाव असलं की पैसा मिळतोच असं नाही. पण नावच नसलं तर काय होतं, ते आता आपल्या राज्यात बघू.

आपल्याकडं वाईनचा पहिला मोठा प्रयोग जुन्नर तालुक्यात नारायणगावला झाला. श्यामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं इंडेज कंपनी उभी केली. ‘ओमर खय्याम’ नावानं इथली फसफसणारी वाईन परदेशात गेली. मोठं काम होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढं कंपनीनं परदेशात खरेदी केली, कर्ज वाढलं, २००८ ची मंदी आली आणि सगळं कोसळलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं कंपनी अवसायनात गेली. शेतकऱ्यांचे द्राक्षाचे पैसे अडकले. आता वाईनचं द्राक्ष म्हणजे काय ते बघा. बारीक मणी, बियाळ, जाड सालीचं. ते पाटीत घालून बाजारात कुणी घेत नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, वायनरी. ती बसली की शेतकऱ्यानं काय करायचं? कुऱ्हाड घ्यायची. त्या काळात अनेकांनी बागा तोडल्या.

दुसरं उदाहरण विजय मल्ल्यांचं. त्यांच्या यूबी समूहानं २००६ मध्ये फ्रान्समधली १८५१ सालची बुव्हे-लादुबे ही जुनी वाईनची पेढी विकत घेतली. इकडं पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातल्या रोटी गावात ‘फोर सीझन्स’ नावाची, अगदी फ्रेंच शातोसारखी दिसणारी वायनरी बांधली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली, पगार थकले, मालक लंडनला गेले. पण फ्रान्समधल्या पेढीचं काय झालं? जे मोंमूसो कुटुंब ती पिढ्यान्‌पिढ्या चालवत होतं, त्यांनीच २०१५ मध्ये ती परत विकत घेतली. मल्ल्या आले आणि गेले. पेढी, गाव, नाव जिथल्या तिथं. रोटीची वायनरी मात्र यूबीकडून डिआजिओच्या ताब्यात आणि तिथून २०१८-१९ च्या सुमारास ग्रोव्हर झम्पा या कंपनीकडं गेली. त्या इमारतीचा फोटो सगळ्यांनी काढला असेल. रोटी गावाचं नाव किती जणांना माहीत आहे?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, वाईन आपला विषयच नाही. बरोबर. आपला विषय ऊस. पण उसाचं आणि वाईनच्या द्राक्षाचं दुखणं एकच. गिऱ्हाईक एक. तो कारखाना बसला की आपण बसलो.

आमच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, पिशवीत गुंडाळलेला एक कागद आहे. एका सहकारी साखर कारखान्याचं शेअर सर्टिफिकेट. कारखान्याचं नाव लिहीत नाही, लिहून काही उपयोगही नाही. वडिलांनी त्यासाठी एक गाय विकली होती. आई दोन दिवस जेवली नव्हती, गाय दुभती होती म्हणून. वडील म्हणाले होते, "गाय दूध देते तवर देती. कारखाना पोराच्या पोराला पुरंल." कारखान्यानं काही वर्षं ऊस नेला, साखरही दिली. मग कर्ज, मग बंद, मग गंज, मग पेपरात लिलावाची नोटीस. विकला गेला. वडिलांना पत्रसुद्धा आलं नाही. मालक होते ना ते? सर्टिफिकेटवर तसंच लिहिलंय.

कायदा बघितला तर असंच होतं. कारखाना तारण असतो. थकला की बँक सरफेसी कायद्याखाली तो विकते. आलेल्या पैशातून आधी बँकेचं कर्ज, मग देणी. सभासदाचं भागभांडवल सगळ्यात शेवटी, आणि शेवटपर्यंत पैसा उरत नाही. आपल्या दोन जिल्ह्यांत कारखान्यांनी किती हात बदलले बघा. अहमदपूर तालुक्यात उजन्याचा बालाघाट सहकारी कारखाना आज ‘सिद्धी शुगर’ म्हणून चालतो. उदगीरजवळ तोंडारचा प्रियदर्शिनी कारखाना विलास कारखान्याचं दुसरं युनिट झाला. यात लगेच कुणाला चोर ठरवायची मला घाई नाही. बंद पडलेला कारखाना सुरू झाला, जवळ ऊस घालायची सोय झाली, हेही खरंच आहे. नवा मालक वाईटच असतो असं नाही. पिनो यांनी लातूरचं भलंच केलं. माझा प्रश्न वेगळा आहे. मालक बदलला तेव्हा ऊस पिकवणाऱ्याकडं काय उरलं? एक कागद.

नांदेडला राहतो म्हणून नांदेडचंही सांगतो. निजामाच्या काळातली उस्मानशाही मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेली आणि नंतर बंद पडली. तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं अजून भेटतात. ‘नांदेड-४४’ हे कापसाचं संकरित वाण नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं दिलं, ऐंशी-नव्वदच्या दशकात शेतकरी दुकानात जाऊन नावानं मागायचा. मग बीटी आलं आणि पाकिटावर कंपन्यांची नावं आली. कापूस आपल्याच रानात, सरकी त्यांच्या नावाची. मालही आपला, मेहनतही आपली, नाव तेवढं दुसऱ्याचं.

आता मुद्द्यावर येतो. शातो लातूरची तूर म्हणजे बुरूज. आपल्या लातूरची तूर म्हणजे डाळ. आणि गंमत अशी की आपल्या तुरीलाही आता फ्रान्ससारखं नाव मिळालंय. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या तीन गोष्टींना भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर. पेपरात बातमी आली, सत्कार झाले, फेटे बांधले, फोटो निघाले.

जीआयचा कायदा १९९९ चा, अंमलात आला २००३ मध्ये. या कायद्यातली एक तरतूद माझ्या डोक्यातून जात नाही. कलम २४. त्यात म्हटलंय की नोंदणी झालेल्या जीआयचा हक्क कुणाच्या नावे करून देता येत नाही, परवान्यानं वापरायला देता येत नाही, तारण देता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. परत वाचा. गहाण ठेवता येत नाही. म्हणजे कुठल्याही बँकेला ‘बोरसुरी’ हे नाव जप्त करता येणार नाही. कुठलाही शेठ ते लिलावात घेणार नाही. दार्जिलिंगचे चहाचे मळे इंग्रजांकडून मारवाडी व्यापाऱ्यांकडं गेले, त्यांच्याकडून आणखी कुणाकडं गेले, पण ‘दार्जिलिंग’ कुणाला विकता आलं नाही. वडिलांच्या आयुष्यात पहिल्यांदा अशी गोष्ट आली जी त्यांच्याकडून लिलावात जाऊ शकत नाही.

आणि आपण काय केलं? फेटे सोडले आणि घरी गेलो.

कारण या कायद्यात एक पुढची पायरी आहे, ती कुणी सांगत नाही. जीआय मिळालं म्हणजे सगळ्या शेतकऱ्यांना ते आपोआप वापरता येतं असं नाही. ठरलेल्या हद्दीतल्या शेतकऱ्यानं ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपली वेगळी नोंदणी करावी लागते. ती झाली तरच पाकिटावर ते नाव आणि जीआयचा शिक्का लावता येतो. आणि मूळ नोंदणीही दहा वर्षांची असते, मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं. दिवाळीत गावी गेलो तेव्हा पारावर विचारलं. जीआय म्हणजे काय ते दोघांना माहीत होतं. अधिकृत वापरकर्ता हा शब्द एकानंही ऐकला नव्हता. एक म्हातारबाबा म्हणाले, "आमची तूर चांगली, हे सांगायला शिक्का कशाला लागतो?" बाबा, आपल्याला नाही लागत. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला लागतो.

आपली तूर आडतीवर जाते. तिथं ओलावा बघतात, दाणा बघतात, बोली लागते. कुठल्या गावची हे कुणी विचारत नाही. सगळी एका ढिगात. डाळ मिलमध्ये गेली की त्या ढिगाचीही ओळख संपते. मग ती पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये कुणाच्या तरी ब्रँडच्या पाकिटात जाते. माझी चुलतबहीण पिंपरीत ती डाळ घेते आणि मला फोन करून सांगते, "दादा, गावच्या डाळीसारखी चव लागते रे." लागणारच बाई. गावचीच असेल. पण पाकिटावर तसं लिहिलेलं नाही, म्हणून त्याचा पैसा गावाला नाही.

जीआय म्हणजे जादूची कांडी आहे, असं मी म्हणत नाही. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं, तरी मे महिन्यात नांदेडच्या गाड्यावर कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून खपतोच. पण कोकणातला शेतकरी निदान भांडू शकतो. त्याच्याकडं कागद आहे आणि त्याला त्या कागदाचा अर्थ माहीत आहे. आपल्याकडं कागद आहे, अर्थ माहीत नाही. सर्टिफिकेटच्या बाबतीत एकदा हे झालंय आपलं.

म्हणून काही गोष्टी सुचवतो, पटल्या तर उचला.

एक. निलंगा आणि लातूरच्या बाजार समित्यांनी आणि कृषी विभागानं हद्दीतल्या गावांत अधिकृत वापरकर्ता नोंदणीची शिबिरं घ्यावीत. आधार कार्डाची शिबिरं झाली, पीकविम्याची झाली, ही का होऊ नयेत?

दोन. आडतीवर नोंदणी झालेल्या तुरीची वेगळी थप्पी लागली पाहिजे. ढिगात गेली की नाव मेलं.

तीन. लातूरच्या डाळ मिलवाल्यांनो, तुम्ही राज्याला डाळ घालता. एक पाकीट बोरसुरीच्या नावानं काढून बघा. मिल तुमची राहील, नाव गावाचं राहील, दोघांचाही फायदा.

चार, आणि हे आपल्या सगळ्यांच्या घरचं. पुढच्या वाटणीला बसताना मोजणीवाल्याला बोलावण्याआधी एकदा विचार करा. तुकडे जमिनीचेच पडले पाहिजेत का? शेतकरी उत्पादक कंपनीचा कायदेशीर रस्ता आज आपल्यालाही उघडा आहे. १८४२ साली जे जमलं ते आज का जमू नये?

मालक बदलत राहणार. कारखाने विकले जातील, मिल विकल्या जातील, उद्या एखादा चिनी शेठ निलंग्यात येऊन गढी घेईल आणि तिला ‘शाही ससा’ नाव देईल, देऊ दे. किल्लारीच्या लोकांनी ढिगाऱ्यातून नाव उचलून नेलं होतं. आपल्यावर तर तशी वेळही आलेली नाही. नाव नोंदलेलं आहे, कायद्यानं राखलेलं आहे, फक्त आपली सही व्हायची आहे.

काल वडिलांना फोनवर हे सगळं सांगितलं. वय झालंय, कमी ऐकू येतं. दोनदा सांगावं लागलं. म्हणाले, "म्हंजी हे विकताच येत न्हाई?" मी म्हणालो, नाही येत. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग त्याचा फारम कुठं मिळतो?"

जिल्ह्यात कुणी ही नोंदणी केली असेल, तर कशी केली, किती दिवस लागले, कुठं अडलं, ते खाली कमेंटमध्ये लिहा. वडील वाट बघतायत.